मागचं दार वर

गुरुवारी सकाळी साडेदहाला चष्मेवाल्याच्या गाडीचं दार उघडेनासं झालं, आणि त्याचे वडील आत होते.

तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. खिडकी अर्धी उघडी होती, गाडी सावलीत होती आणि म्हातारा भरपेट नाश्ता करून निघाला होता. घाबरला होता तो चष्मेवाला. त्यानं दाराची कडी ओढली, मग दोन्ही हातांनी ओढली, मग कुणी बघत नाहीसं पाहून एक पाय गाडीला लावून ओढली. आतून खळ्ळ असा आवाज आला आणि कडी हातात लोळागोळा झाल्यासारखी लटकायला लागली.

"काय झालं?" आतून म्हाताऱ्यानं विचारलं.

"काही नाही बाबा, जरा अडकलंय."

"जरा अडकल्याचा आवाज असा नसतो."

ही गाडी साधीसुधी नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी कुठल्याशा परदेशी कंपनीनं ती एक वर्ष, मोजून एकच वर्ष बनवली, थोड्याशा गाड्या बोटीनं इकडे आल्या आणि मग कंपनीच बसली. दिसायला पावाच्या लादीसारखी. समोरून बघावं तर नुकतीच कुणी वाईट बातमी दिल्यासारखा चेहरा. पण डाव्या अंगाला मोठं सरकतं दार, आणि दारापाशी अशी एक खुर्ची की खटका दाबला की गर्रकन बाहेरच्या बाजूला वळायची. माणसानं उभ्या उभ्या टेकायचं, खटका दाबायचा, की आत. म्हाताऱ्याच्या दोन्ही गुडघ्यांनी वाकणं सोडून दिलं होतं. दुसऱ्या कुठल्या गाडीत त्याला बसवायचं तर दोन माणसं लागायची, आणि बसवल्यावर तो तासभर त्या दोघांशी बोलायचा नाही. चष्मेवाल्याची बायको म्हणायची, "गाडी बाबांसाठी ठेवलीय की बाबांना गाडीसाठी, एकदा काय ते सांगून टाका."

गाडी ठेवली होती गुरुवारसाठी. म्हाताऱ्याचा एक दोस्त होता, शिंपी. पन्नास वर्षांची दोस्ती आणि पन्नास वर्षांचं बुद्धिबळ. दीड वर्षापूर्वी शिंप्यानं दुकान बंद केलं आणि घराबाहेर पडणंही बंद केलं. आजार म्हणावा तर काही नव्हता. "बाहेर पडलं की जो तो विचारतो, दुकान का बंद केलंत," तो म्हणायचा, "दहा जणांना दहा वेळा काय सांगू? त्यापेक्षा घरात बरा." एक बाहेर पडायचा नाही, दुसरा दुसऱ्या गाडीत बसायचा नाही. दोघांच्या मधे ही एवढी लादी होती. ती गेली की गुरुवार गेला.

म्हणून चष्मेवाला घाबरला होता. गॅरेजवाल्यानं महिन्यापूर्वीच त्याला सांगितलं होतं, "साहेब, हे आतलं कुलूप झिजलंय. अडकलं तर मी फोडून देईन, पण मग दार लागणार नाही. नवीन कुलूप कुठं मिळतं का बघा, मिळालं तर मलाही दाखवा, मी जन्मात बघितलं नाही."

थोडक्यात, बाप बाहेर काढायचा तर गाडी जाणार आणि गाडी वाचवायची तर बाप आत राहणार. इंजिनाचा उंचवटा मधे असल्यामुळं पुढच्या दारातून त्याला काढता येत नव्हतं, आणि मागून रांगत यायला गुडघे लागतात.

शिंप्याचं घर समोरच, तळमजल्यावर. तो खिडकीत उभा राहून सगळं बघत होता.

"येतोस ना रे?" त्यानं तिथूनच विचारलं.

"येत नाही," म्हातारा अर्ध्या खिडकीतून म्हणाला. "मला आत कोंडलंय. आजचा डाव रद्द."

"रद्द कसा? मागच्या गुरुवारचा अर्धा राहिलाय, आणि मी जिंकत होतो."

"म्हणूनच रद्द."

शिंप्याची खिडकी बंद झाली. चष्मेवाल्याला वाटलं, रुसला. तर दोन मिनिटांनी दार उघडून शिंपी घरातल्या चपला घालून बाहेर आला. दोन्ही हातांत पट धरलेला, त्यावर मागच्या गुरुवारचे मोहरे जागच्या जागी. रस्त्याकडं न बघता, पटाकडं बघत, एकेक पाऊल मोजत तो गाडीपाशी आला. त्याची सून दारात उभी राहून तोंडावर हात ठेवून बघत होती.

"मागचं दार उघड," तो चष्मेवाल्याला म्हणाला. "आणि पट धर. एक जरी प्यादं हललं तर तुझ्या बापाचं नाव घेईन."

चष्मेवाल्यानं मागचं दार वर केलं. शिंपी काडीसारखा, सामानाच्या जागेतून सुळ्ळकन आत गेला आणि म्हाताऱ्यासमोर बसला. मधे चष्म्यांच्या नमुन्यांची पेटी ठेवली, पेटीवर पट. पाच मिनिटांत दोघांना जगाचं भान राहिलं नाही.

इथवर सगळं बरं चाललं होतं. इथून पुढं चष्मेवाल्यानं डोकं चालवलं.

त्याला आठवलं की आपण एका ग्रुपमधे आहोत. या गाडीचे जे काही मालक शहरात शिल्लक होते, त्यांचा ग्रुप होता. नाव 'उरलेले'. एक निवृत्त गणिताचे मास्तर तो चालवायचे. त्यांनी एक वही घातली होती, तिच्यात प्रत्येक गाडीची नोंद. सुरुवातीला एकतीस होत्या, आता नऊ. चष्मेवाल्यानं ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला होता, कारण तिथं रोज कुणीतरी वायपरबद्दल बोलायचं.

त्यानं विचार केला, कुणाकडं तरी कुलूप पडलेलं असेल. दाराची आतली बाजू नीट दिसावी म्हणून तो गाडीच्या मागं गेला आणि तिथून फोटो काढला. फोटो टाकला, कुणी आणून देईल म्हणून जागेची खूणही टाकली. मग खाली लिहायला घेतलं, 'दाराचं आतलं कुलूप कुणाकडे असल्यास' आणि फोन बंद पडला. रात्री लावायचा राहिला होता. गाडीतलं चार्जिंगचं भोक तर सात वर्षांपूर्वीच वारलं होतं.

आता 'उरलेल्यां'ची एक पद्धत होती. गाडी कायमची गेली की मालकानं काही लिहायचं नाही. मागं एकानं चार पानं लिहिली होती आणि वाचून सगळ्यांचाच दिवस खराब झाला होता. तेव्हापासून ठरलं: मागचं दार वर करायचं, मागून एक फोटो काढायचा आणि टाकायचा. बस्स. बाकीच्यांनी समजून घ्यायचं, पाने-पकडी घेऊन यायचं आणि आलेल्या क्रमानं एकेक वस्तू खोलून न्यायची. कुणी मेलेल्या माणसाचे डोळे दान करतं ना, तसं. त्यात वाईट काही नव्हतं. फक्त गाडी मेलेली असावी लागते.

वीस मिनिटांनी कोपऱ्यावरून एक पावाची लादी वळली. मागून दुसरी. मग तिसरी. आयुष्यात चष्मेवाल्यानं इतक्या लाद्या एका रस्त्यावर पाहिल्या नव्हत्या. तिन्ही एका ओळीत लागल्या आणि प्रत्येकीनं एकेकदा, हळूच, हॉर्न वाजवला.

मास्तर उतरले. मास्तरांनी चष्मेवाल्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"कधी गेली?"

"साडेदहाला," चष्मेवाला म्हणाला. त्याला वाटलं कडीबद्दल विचारतायत. "खळ्ळ आवाज आला, बस."

"म्हणजे त्रास झाला नाही," मास्तर म्हणाले. "माझ्या शेजाऱ्याची सहा महिने ओढत होती."

मागून दातांची डॉक्टरीण आली, तिच्यामागं बेकरीवाला. बेकरीवाला भला माणूस, डोळे भरले होते त्याचे. "फार चांगली होती हो," तो म्हणाला आणि तितक्याच भरल्या गळ्यानं त्यानं विचारलं, "रेडिएटर कुणाला दिलात का?"

"रेडिएटर कशाला देऊ?"

"बरोबर आहे, घाई नको. मी आपला विचारून ठेवला."

तेवढ्यात गाडीच्या पुढच्या अंगाला कर्र कर्र आवाज यायला लागला. चष्मेवाला धावला. तिथं पडदेवाला उजवा आरसा खोलत होता. पडदेवाल्याला ग्रुपमधे सगळे 'पकड' म्हणायचे, कारण त्याच्या खिशात ती कायम असायची. कुठंही मागचं दार वर गेलं की हा सगळ्यात आधी हजर. मागच्या दोन वर्षांत गेलेल्या प्रत्येक गाडीचं काही ना काही त्याच्या पिशवीत गेलं होतं.

"अहो, काय करताय?"

"पहिला मी आलो," पकड नम्रपणे म्हणाला. "कोपऱ्यावरच होतो. आरसा घेतला. आता रांगेत मागं जातो, नियमानं."

"अहो, पण आत माणसं आहेत."

सगळ्यांनी वाकून आत पाहिलं. दोन म्हातारे पटावर डोकं घालून बसले होते.

"निरोप घ्यायला बसलेत का?" डॉक्टरणीनं हळू आवाजात विचारलं.

"खेळतायत," चष्मेवाला म्हणाला. "आणि गाडी मेलेली नाही. नुसतं दार अडकलंय. मी कुलूप मागत होतो."

मास्तरांनी फोन काढून फोटो त्याच्या नाकासमोर धरला. चष्मेवाल्यानं आपलंच वर गेलेलं दार बघितलं आणि त्याच्या हळूहळू ध्यानात आलं.

"हा असा फोटो टाकून जिवंत गाडी कुणी दाखवतं का?" मास्तर म्हणाले. त्यांनी वही उघडली होती, पेन्सिलीनं एक रेघही ओढून झाली होती. ती ते आता खोडायला लागले. "मी बायकोला सांगून निघालो, आठच राहिल्या म्हणून. ती बिचारी जेवायची थांबलीय."

"चला, बरंच झालं की," बेकरीवाला म्हणाला, पण रेडिएटर त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता हे स्पष्ट दिसत होतं.

"आरसा," चष्मेवाला पकडकडं वळून म्हणाला. पकडनं पिशवीत हात घातला, आरसा बाहेर काढला, एकवार त्यात बघितलं आणि जागेवर बसवायला घेतला.

आता आलेच आहेत तर कुलूप मागावं म्हणून चष्मेवाल्यानं विचारलं. आणि गंमत अशी की सगळे आपापल्या चपलांकडं बघायला लागले.

"माझं दार दोरीनं बांधलंय," शेवटी बेकरीवाला म्हणाला. "तीन वर्षं झाली. पाव पुढूनच भरतो."

"माझं उघडतं," डॉक्टरीण म्हणाली, "बाहेरून लाथ घातली तर. पेशंटसमोर घालता येत नाही."

"तुमचं मास्तर?"

"माझं उत्तम आहे," मास्तर म्हणाले. "असावं. चार वर्षं उघडून बघितलेलं नाही."

म्हणजे बहुधा नऊच्या नऊ दारं एकाच आजारानं अंथरुणाला खिळली होती आणि प्रत्येकजण दुसऱ्याची कधी जाते याची मनातल्या मनात वाट बघत होता. आपापसांत रोज वायपरबद्दल बोलत होते, पण दाराबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. आतून शिंप्याचा आवाज आला, "हत्ती उचललास की हात लागला?"

"पकड, तुमचं कसं आहे?" मास्तरांनी विचारलं. "तुमच्याकडं तर पिशवीभर सामान आहे. आणि गाडी कुठं लावलीत? दिसत नाही."

"कोपऱ्यावर."

"कोपऱ्यावरूनच आलो मी."

"पलीकडच्या कोपऱ्यावर."

मास्तर गणिताचे. एखादं उत्तर जुळत नसलं तर त्यांना बसवत नाही. ते वही काखेत मारून पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि परत आले. पकड तोवर आरशाचा एकच स्क्रू पुन्हा पुन्हा आवळत होता.

"तिथं एक सायकल आहे," मास्तर म्हणाले.

"माझीच आहे."

"आणि गाडी?"

पकडनं पकड खिशात ठेवली. "आठ महिने झाले. मी बहिणीकडं गेलो होतो चार दिवस. पोरानं भंगारात दिली. त्याला वाटलं, बापाची कटकट मिटवली. चांगल्या मनानं केलं हो त्यानं."

"मग फोटो नाही टाकलात?"

"कशाचा टाकू? आलो तेव्हा अंगणात तेलाचा डाग होता फक्त. आणि टाकला असता तर तुम्ही मला काढलं असतं. नियम आहे ना, गाडी नाही त्याला ग्रुप नाही."

"पण मग हे सगळं सामान कशासाठी गोळा करत होता?" डॉक्टरणीनं विचारलं.

पकडनं पिशवीकडं बघितलं. "आठ फुटी पडद्याचे दांडे दुसऱ्या कुठल्या गाडीत आडवे मावत नाहीत," एवढंच तो म्हणाला, जणू यात सगळं आलं.

मग त्यानं पिशवी खाली ठेवली आणि तळाशी हात घातला. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तेल लावून, पुसून, जपून ठेवलेलं. दाराचं आतलं कुलूप.

"हे आमच्या गाडीचं. भंगारवाल्याकडं धावलो तोवर बाकीची चेपली होती. दार तेवढं बाजूला पडलेलं, त्यातून काढून आणलं." त्यानं ते चष्मेवाल्यापुढं धरलं. देताना हात मात्र जरा उशिरानं सोडला. "घ्या. एवढा गुरुवार कुणाचा तरी वाचू दे."

चष्मेवाल्याला गुरुवारचं याला कसं कळलं, ते समजेना. मग लक्षात आलं, मघापासून शिंप्याची सून कठड्याशी उभी राहून प्रत्येकाला सगळी हकीकत सांगत होती.

कुलूप बसवायचं काम डॉक्टरणीनं अंगावर घेतलं. मागच्या दारातून ती रांगत आत गेली. "पाय वर घ्या आजोबा," ती म्हणाली. शिंप्यानं पाय वर घेतले, म्हाताऱ्याला घेता येईनात, म्हणून त्यावरून तीच गेली. पर्समधून तिनं दात बघायचा छोटा आरसा काढला आणि दाराच्या फटीत घातला.

"कीड नाही," ती आतून म्हणाली. "मोडलंय. मुळापासून काढावं लागेल. कुणीतरी उजेड धरा."

बेकरीवाल्यानं उजेड धरला. पकड खिडकीतून सांगत होता, वरचा स्क्रू आधी नको, खालचा आधी, तो उलटा फिरतो. पाऊण तास लागला. तेवढ्यात म्हाताऱ्याचे दोन उंट आणि शिंप्याचा वजीर गेला, आणि दोघांनी मिळून डॉक्टरणीला तीन वेळा पटाच्या उजेडातून बाजूला व्हायला सांगितलं.

मग पकडनं बाहेरून कडी धरली. ओढली नाही, नुसती धरली. दार सर्रकन सरकलं. पंचवीस वर्षांपूर्वी बोटीवरून उतरताना सरकलं असेल, तसं.

सगळे मागं सरले. चष्मेवाल्यानं पुढं होऊन खुर्चीचा खटका दाबला. म्हातारा गर्रकन बाहेर वळला. समोर रस्ता, रस्त्यावर तीन लाद्या, चार माणसं आणि शिंप्याची सून.

"चला बाबा, झालं. उतरा."

म्हातारा उतरला नाही. त्यानं मान वळवून शिंप्याकडं पाहिलं. शिंपी पटावर वाकला होता, चाल सुचत नव्हती, आणि एका हातानं त्यानं पट उचलून न्यायची तयारी म्हणून कड धरूनच ठेवली होती. दीड वर्षांनी बाहेर आलेल्या माणसाला पुन्हा घरात जायला पाच पावलं बाकी होती.

"दार लाव," म्हातारा म्हणाला.

"अहो, पाऊण तास..."

"वारा येतोय. मोहरे पडतील." आणि त्यानं स्टिअरिंगकडं डोळ्यानं खुणावलं. चष्मेवाल्यानं आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत बघायचाच धंदा केला होता. बापाच्या डोळ्यात एवढं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

त्यानं खुर्ची आत वळवली आणि दार लावलं. मागचं दार खाली केलं. मग पकडकडं वळून हळूच म्हणाला, "पुढं बसा. कुलूप चालताना कसं वाजतं ते तुम्हालाच कळेल."

पकड पुढं बसला. मास्तर वही उघडून खिडकीशी आले, पेन्सिल कानामागून काढली. पकडनं मान खाली घातली.

"नऊच्या आठ करताय म्हणजे?" त्यानं विचारलं.

मास्तरांनी वहीकडं बघितलं. इतकी वर्षं त्या वहीत फक्त दोन रकाने होते, चालू आणि गेली. "कुलूप चालू आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "मी गाडी गेली असं कसं लिहू? अर्धवट माहितीवर मी उत्तर देत नाही." आणि वही मिटून ते आपल्या गाडीत जाऊन बसले. त्यांच्या दारालाही त्यांनी जाता जाता एक हात लावून बघितला, पण ओढायचं धाडस केलं नाही.

चष्मेवाल्यानं गाडी काढली, इतकी हळू की पहिल्या गिअरलाही शंका यावी. मागं मास्तर, त्यांच्यामागं डॉक्टरीण, शेवटी दोरी बांधलेला बेकरीवाला. चौकातला पोलीस शिटी तोंडातच ठेवून बघत राहिला. त्याला वाटलं, कुणातरी मोठ्या माणसाची वरात किंवा अंत्ययात्रा असावी, आणि दोन्हीला वाट द्यायचीच असते.

तिसऱ्या चौकात पटावरचा एक घोडा थोडासा सरकला. शिंप्यानं मान वर न करता विचारलं, "गाडी हलतेय काय रे?"

"तुझी चाल आहे," म्हातारा म्हणाला.

शिंप्यानं मान वर केली. खिडकीतून दुकानं जात होती, माणसं जात होती, आणि त्यातलं कुणीही थांबून त्याला काहीही विचारत नव्हतं. तो बघत राहिला. चष्मेवाल्याचा पाय ब्रेकवर गेला होता.

"याला सांग," शिंपी शेवटी म्हणाला, "पुढं डावीकडं घेऊ नको म्हणावं. रस्ता फार खराब आहे तिथला."

"दीड वर्षात झाला असेल की नीट."

शिंप्यानं जरा विचार केला, आणि पटाची धरून ठेवलेली कड सोडून दिली.

"बघू मग," तो म्हणाला. "घे डावीकडं."